घरात नेमके किती वाजले आहेत?

अर्धविराम

गेल्या गुरुवारी आमच्याकडे कोथरूडला दुरुस्तीच्या कामासाठी सकाळी वीज गेली आणि दुपारी जेवणे उरकल्यावर आली. पुण्यात गुरुवारी वीज किंवा पाणी नसणे ही कोणाला मुद्दाम सांगण्यासारखी बातमी नव्हे, त्यामुळे हा धागा त्याबद्दल नाही. मी घरून काम करत होतो, लॅपटॉपची बॅटरी संपली होती, आणि वीज आल्यावर कामाला बसण्याऐवजी मी एक वही घेऊन घरभर फिरलो व फोनमध्ये 1:40 झालेले असताना घरातले प्रत्येक यंत्र किती वाजल्याचे सांगते ते लिहून काढले. प्रोग्रॅममध्ये तारीख-वेळेचे हिशोब करण्यात माझी चौदा वर्षे गेली आहेत, तेव्हा आईने या उद्योगाला ‘रिकामपणचे धंदे’ म्हटले असले तरी मी त्याला व्यावसायिक कुतूहल म्हणेन.

दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळात 1:50 झाले होते. ते कायमच दहा मिनिटे पुढे असते. मी शाळेत असल्यापासून आईने ते तसेच ठेवले आहे आणि घरातला प्रत्येक जण त्यातून मनातल्या मनात दहा वजा करतो. गाडीतल्या घड्याळात 1:34 झाले होते. मायक्रोवेव्हवर 12:00 हे आकडे लुकलुकत होते. गीझरच्या टायमरवर साडेदहाला थोडा वेळ होता. हा टायमर जुन्या पद्धतीचा आहे: गोल चकती, तिच्या कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या शहाण्णव खुंट्या, आणि चकती फिरवणारी एक लहानशी मोटर. वीज गेली की चकती थांबते आणि वीज आली की जिथे थांबली होती तिथूनच पुढे निघते, जणू मधले सव्वातीन तास झालेच नाहीत. मी ते वहीत व्यवस्थित लिहिले आणि चकती पुढे करायला विसरलो, त्यामुळे शुक्रवारी पहाटे साडेपाचला लागणारा गीझर पावणेनऊला लागला. सहा वाजता आंघोळीला गेलेल्या आईचे त्यावरचे मत इथे देत नाही.

खरी गंमत माळ्यावर होती. तिथे मी एक रास्पबेरी पाय ठेवला आहे, जो दर मिनिटाला गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी नोंदवतो. या छोट्या संगणकाच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत त्यात वीज नसताना चालणारे घड्याळच नव्हते. ती सोय 2023 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत झाली, आणि माझ्याकडचा जुना आहे. मग बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर त्याला वेळ कशी कळते? तर दर तासाला, सतरा मिनिटे झाली की, तो तेव्हाची वेळ एका फायलीत लिहून ठेवतो आणि सुरू होताना तीच वेळ खरी मानून चालू लागतो. वीज 10:02 ला गेली होती, शेवटची नोंद 9:17 ची होती, त्यामुळे दुपारी जागा झालेला हा प्राणी सकाळचे 9:17 झाले आहेत अशा समजुतीने पाणी मोजू लागला. राउटर सुरू होऊन इंटरनेट येईपर्यंत तीन-चार मिनिटे गेली. परिणामी माझ्या तक्त्यात 9:18 ला टाकी जवळजवळ भरलेली आहे आणि त्याच 9:18 ला ती निम्म्याहून खाली गेलेली आहे. दोन्ही नोंदी तितक्याच ठाम आहेत.

इंटरनेट आल्यावर हे घड्याळ कसे दुरुस्त होते, ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण ती युक्ती फार घरगुती आहे. शेजाऱ्यांकडे वेळ विचारायला पोराला पाठवावे. तो निघाल्यापासून परत येईपर्यंत किती मिनिटे गेली ते आपल्याच घड्याळावर पाहावे, मग ते घड्याळ मुळात चुकीचे का असेना. आणि शेजाऱ्यांनी सांगितलेल्या वेळेत येण्याजाण्याला लागलेल्या मिनिटांपैकी निम्मी मिळवावीत. डेव्हिड मिल्स यांनी 1985 मध्ये मांडलेली एनटीपी ही पद्धत मुळात एवढीच आहे, फक्त ती मिनिटांऐवजी सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजते आणि एकाऐवजी अनेक शेजाऱ्यांना विचारते. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो हे त्यातले गृहीतक आहे. पोरगा परत येताना गोट्या खेळत बसला, तर हिशोब तेवढा बिघडतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र कार्यालयात आहे. त्याच गुरुवारी संध्याकाळी एका सभासदांच्या गाडीला वाहनतळात घासल्याचे लक्षात आले. दुपारी दोनला गाडी धडधाकट होती आणि रात्री आठला नव्हती. मला ‘संगणकवाला’ म्हणून बोलावण्यात आले. गुरुवारचे चित्रण शोधले तर सकाळी दहानंतर काहीच नव्हते. बऱ्याच शोधाशोधीनंतर कळले की चित्रण आहे, पण त्यावर तारीख 1 जानेवारी 1970 आहे आणि वेळ पहाटे 5:30 पासून सुरू होते. प्रोग्रॅमरना हे ओळखीचे आहे. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या वंशातली यंत्रे 1 जानेवारी 1970 च्या मध्यरात्रीपासून, म्हणजे ग्रीनिच वेळेनुसारच्या मध्यरात्रीपासून, किती सेकंद झाले एवढेच मोजतात. आतली बॅटरी मेली की मोजणी शून्यावर येते, आणि ते शून्य भारतीय वेळेत पहाटे साडेपाच असे दिसते. हे यंत्र इंटरनेटला जोडू नये असा सुरक्षिततेचा सल्ला दोन वर्षांपूर्वी मीच दिला होता, त्यामुळे वेळ विचारायला त्याला शेजारच नव्हता.

माझे म्हणणे असे की मायक्रोवेव्हवरचे लुकलुकणारे 12:00 हे आमच्या घरातले सर्वांत प्रामाणिक सॉफ्टवेअर आहे. मला वेळ माहीत नाही, हे ते उघड सांगते. माळ्यावरचा पाय आणि सोसायटीचे यंत्र मात्र माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्याच्या थाटात सांगतात, आणि ती सांगणारा प्रोग्रॅम माझ्यासारख्याच कोणीतरी लिहिलेला असतो. चित्रणाचे काय करावे ते मला अजून उमगलेले नाही. तक्रारदार रोज विचारतात. आपल्या घरांतली घड्याळे काय म्हणतात?

तिसरी घंटा

लुकलुकणाऱ्या 12:00 वरून घरातला व्हीसीआर आठवला. वडिलांनी हौसेने आणला, पुढची नऊ वर्षे त्यावर लग्नाच्या कॅसेटी पाहिल्या, आणि त्या नऊ वर्षांत त्याच्या घड्याळात कधीही बारा वाजून एक मिनिट झाले नाही. अमेरिकेतल्या विनोदी कार्यक्रमांतही यंत्रापुढे हात टेकलेल्या गृहस्थाची ही ठरलेली खूण होती, हे पुढे कळल्यावर वडिलांना फार बरे वाटले.

पडद्यावरची घड्याळे हा माझा आवडता विषय असल्यामुळे थोडी भर घालतो. चित्रपटांतल्या टाइमबॉम्बला नेहमी लाल रंगाचे, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतील असे आकडे असतात. ज्याने बॉम्ब लपवून ठेवला त्यानेच तो सापडलेल्या माणसाच्या सोयीसाठी उरलेली वेळ लिहून का ठेवावी, हे मला लहानपणापासून पडलेले कोडे आहे. शिवाय त्या घड्याळातला शेवटचा मिनिट चित्रपटगृहात मोजून पाहिला तर तो दीड-दोन मिनिटांचा भरतो, म्हणजे ते आपल्या गीझरच्या टायमरचेच भावंड म्हणावे लागेल. याच्या अगदी उलट टोकाला 1988 मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेली महाभारत मालिका होती, जिच्यात खुद्द काळच निवेदक होता आणि रविवारी सकाळी आख्ख्या पेठेची घड्याळे तो लावून देत असे. मालिका सुरू होताना आमच्या घड्याळात वेगळे काही वाजलेले असेल, तर चूक घड्याळाचीच आहे यावर घरात दुमत नसे.

रात्रपाळी

अर्धविराम, घरातली यंत्रे तरी समजूतदार म्हणायची. माझा अनुभव सर्व्हरच्या खोलीतला आहे.

पृथ्वीचे फिरणे किंचित अनियमित असल्यामुळे अणुघड्याळांच्या वेळेत अधूनमधून एक सेकंद जास्तीचा घालावा लागतो, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. 1972 पासून असे 27 सेकंद घातले गेले, शेवटचा 2016 च्या अखेरीला. तो जागतिक वेळेच्या मध्यरात्री घालतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे 5:29:59 नंतर 5:30:00 होण्याऐवजी आधी 5:29:60 होते. 1 जुलै 2012 च्या पहाटे, रविवार होता, मी हिंजवडीत एका कंपनीत रात्रपाळीला होतो. साडेपाच झाले आणि एकामागून एक सर्व्हरचे प्रोसेसर पूर्ण ताकदीने फिरू लागले. काम काहीच नव्हते, पण यंत्रे धापा टाकत होती. आम्ही चौघे जण नेटवर्क, डेटाबेस, अगदी वातानुकूलन यंत्रणासुद्धा तपासून बसलो. दोष निघाला सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यात: जास्तीचा सेकंद घालताना त्याच्या आतल्या दोन घड्याळांत एका सेकंदाची तफावत राहिली, आणि ‘थोड्या वेळाने उठव’ असे सांगून झोपणारे प्रोग्रॅम झोपण्याआधीच उठवले जाऊ लागले.

त्यावरचा उपाय तुमच्या आईंना नक्की आवडेल. संगणकाला त्या क्षणी जी वेळ माहीत होती, तीच पुन्हा नव्याने सांगायची. एवढ्या एका ओळीच्या आज्ञेने यंत्रे शांत झाली. आम्ही ती प्रत्येक सर्व्हरवर हाताने चालवली, तोवर सकाळचे नऊ वाजले होते आणि कँटीनमधले पोहे संपले होते. पुढे 2022 मध्ये मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 2035 पर्यंत ही पद्धतच बंद करण्याचे ठरवले, तेव्हा मी घरी पोहे करून तो प्रसंग साजरा केला.

साशंक

मूळ लेखातल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. लुकलुकणारे 12:00 प्रामाणिक कसे? बारा ही दिवसातून दोनदा खरी असणारी वेळ आहे. ज्याला वेळ माहीत नाही त्याने चार आडव्या रेघा दाखवाव्यात, आकडे दाखवू नयेत. आकडा लुकलुकतो म्हणजे तो खरा मानायचा नाही, हा संकेत तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. माझ्या सासूबाईंना तो ठाऊक नव्हता, आणि मायक्रोवेव्ह घेतल्यापासून पहिले दोन महिने त्या यंत्रात काहीतरी बिघडले आहे असे समजून त्याला हात लावत नसत. अखेर त्यांनी त्या आकड्यांवर खाकी चिकटपट्टी लावली. ती पट्टी अजून तिथे आहे आणि माझ्या मते त्या स्वयंपाकघरातली ती सर्वांत योग्य तांत्रिक दुरुस्ती आहे.

दुसरे असे की स्वयंपाकघरात ‘किती वाजले’ हे विचारायला कोणी मायक्रोवेव्हकडे जात नाही. तिथे लागते ते ‘किती वेळ झाला’. दूध दोन मिनिटे तापले की नाही, कुकरच्या शिट्टीनंतर किती वेळ गेला, हे सांगायला त्या यंत्राला आज गुरुवार आहे हे माहीत असण्याची गरजच नाही.

अर्धविराम

चार रेघांचे म्हणणे मान्य आहे आणि चिकटपट्टीपुढे तर मी निरुत्तर आहे. पण आपण सहज म्हणून गेलात ते ‘किती वाजले’ आणि ‘किती वेळ झाला’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हेच नव्या प्रोग्रॅमरला शिकवताना माझा घसा कोरडा पडतो. लिनक्समध्ये त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र घड्याळे आहेत. पहिले कोणीही मागेपुढे करू शकतो. दुसरे फक्त पुढे जाते आणि त्याला तारीख नावाची गोष्ट माहीत नसते. एखाद्या कामाला किती वेळ लागला हे पहिल्या घड्याळावर मोजले की कधीतरी एखादे काम सुरू होण्याआधीच संपल्याची नोंद सापडते. माझ्या टाकीच्या प्रोग्रॅममध्ये मीही पहिलेच घड्याळ वापरले आहे, हे इथे कबूल करतो.

खडकीचे फाटक

आमच्या घरी वेळ विचारायची पद्धत एनटीपीहून जुनी होती. घर रुळांपासून जवळ. दख्खनची राणी 1930 पासून धावते आणि सकाळी 7:15 ला पुणे स्थानक सोडते, त्यामुळे ती खिडकीसमोरून गेली की आजोबा खिशातल्या घड्याळाला किल्ली देत आणि काटा जुळवत. गाडी उशिरा सुटली तर? मग आकाशवाणी होती. 7:10 च्या बातम्यांची वेळ निवेदक स्वतः सांगत, आणि त्यानंतर अमुक मिनिटांत गाडी दिसली नाही तर आजोबा गाडीला उशीर झाल्याचे जाहीर करत, घड्याळाला नाही. अनेक शेजाऱ्यांना विचारून जो इतरांशी जुळत नाही त्याला बाजूला काढायचे, हे जे अर्धविराम सांगतात, ते आजोबांना कोणी शिकवले नव्हते.

बत्तीस हजार

गाडीतले घड्याळ सहा मिनिटे मागे का, यावर कोणी बोलले नाही. क्वार्ट्झच्या घड्याळात चिमट्याच्या आकाराचा एक स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला आहे, कारण तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो आणि सेकंद काटा एक घर पुढे सरकतो. हा स्फटिक साधारण 25 अंश सेल्सियसला बरोबर चालेल असा कापतात. त्याहून गरम झाला तरी तो मागे पडतो आणि त्याहून गार झाला तरी मागेच पडतो. पुढे कधी जात नाही. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पुण्यातसुद्धा किती तापते ते आपण जाणतो. तिथे दिवसाला दोन-तीन सेकंद गेले तरी महिन्याला मिनिटभर होते. आपण ते शेवटचे कधी लावले, एवढे सांगितलेत तर हिशोब करून पाहता येईल.

मायक्रोवेव्हसारख्या काही यंत्रांत तर स्फटिकही नसतो. ती विजेचे हेलकावे मोजतात आणि पन्नास झाले की एक सेकंद धरतात. युरोपात 2018 च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातल्या वीजवादामुळे जाळ्याची वारंवारता किंचित उतरली आणि मार्चपर्यंत पंचवीस देशांतली अशी घड्याळे सुमारे सहा मिनिटे मागे पडली. गंमत म्हणजे तिथे कोणाचीच वीज गेलेली नव्हती.

घटिकापात्र

मी प्रोग्रॅमर नाही, निवृत्त शिक्षक आहे आणि हौसेने पत्रिका मांडतो. फलज्योतिषावर वाद घालू नये ही विनंती. इथे मुद्दा फक्त वेळेचा आहे.

एका स्नेह्यांचा जन्म फेब्रुवारी 1943 मधला, पुण्याचा, टिपणात सकाळची वेळ दिलेली. संगणकावरच्या एका प्रोग्रॅमने त्यांचे लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा बिंदू, एका राशीत दाखवले आणि मी हाताने काढले तर ते आदल्या राशीत आले. चूक माझी नव्हती. 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत युद्धामुळे भारतातली घड्याळे एक तास पुढे केलेली होती, म्हणजे ग्रीनिचपासून साडेपाच नव्हे तर साडेसहा तास. लग्नरास सरासरी दर दोन तासांनी बदलते, तेव्हा एका तासाने काय होते ते उघड आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने भारताची वेळ कायम साडेपाच तासच असते असे धरले होते. त्याला तरी काय दोष द्यावा? आपण सगळेच तसे धरतो. प्रत्यक्षात प्रमाणवेळ आली ती 1 जानेवारी 1906 ला, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखावृत्तावरून, आणि त्यानंतरही मुंबईने आपली 4 तास 51 मिनिटांची वेळ कित्येक दशके सोडली नव्हती. पुण्याची सूर्यावरून येणारी स्थानिक वेळ आजही प्रमाणवेळेच्या सुमारे 35 मिनिटे मागे आहे. तुमच्या आईंचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल, पण त्या हिशोबाने आपण सगळेच पुणेकर घड्याळे पस्तीस मिनिटे पुढे लावून बसलो आहोत आणि कोणाची बस चुकत नाही, कारण सर्वांनी एकच फरक मान्य केला आहे.

आता आपल्या चित्रणाविषयी. मी ज्या भांड्याचे नाव इथे घेतले आहे त्याला किती वाजले ते कधीच कळत नसे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटे झाली. सूर्योदयाला पहिली वाटी सोडली हे माहीत असले की मुहूर्त बिनचूक साधत असे. तुमच्या यंत्राने खोटे काहीच सांगितलेले नाही. वाटी कधी सोडली ते आपण त्याला सांगितले नाही, इतकेच. गुरुवारी वीज नेमकी किती वाजता आली ते शोधा, तो क्षण म्हणजे त्याचे साडेपाच, आणि तिथून पुढे मोजत जा.

अर्धविराम

घटिकापात्र, आपल्याला साष्टांग नमस्कार. चौदा वर्षांचा अनुभव बाजूला ठेवतो.

आधी युद्धकाळाचे. आपला प्रतिसाद वाचून मी लगेच संगणकाला विचारले की 1 जानेवारी 1943 रोजी भारतात दुपारचे बारा वाजले असताना जागतिक वेळ काय होती. त्याने 5:30 असे उत्तर दिले, म्हणजे साडेसहा तासांचा फरक त्याला माहीत आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी 1980 च्या दशकात सुरू केलेली आणि आजही स्वयंसेवकांनी सांभाळलेली प्रमाणवेळांची जी यादी जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असते, तिच्यात ही नोंद आहे. म्हणजे पत्रिकेच्या प्रोग्रॅमला नुसते विचारायचे होते. लिहिणाऱ्याने न विचारता साडेपाच मिळवले.

मग वीज कधी आली त्याचा शोध. राउटरच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. पायचे 9:17 चे प्रताप आपण वाचलेच आहेत. गीझरच्या चकतीवरून सव्वातीन तास हा अंदाज निघत होता, पण तिथे पंधरा मिनिटांच्या आतले वाचता येत नाही. शेवटी आईला विचारले. ती म्हणाली, “पंखा सुरू झाला तेव्हा भिंतीवर एक पंचवीस झाले होते, मी ताक घुसळायला घेतले होते.” दहा वजा केले, 1:15. तीच खूण धरून कार्यालयात गेलो. तक्रारदार, सचिव आणि अध्यक्ष असे तिघे पाठीमागे उभे होते. यंत्राचे 5:30 म्हणजे आमचे 1:15, असे कागदावर मांडून आम्ही चित्रण पुढे नेत गेलो. खात्रीसाठी एक ओळखीची घटना हवी होती. दूधवाला रोज चारच्या ठोक्याला येतो, तो यंत्राच्या 8:14 ला फाटकातून आत शिरला. मिनिटाचा फरक, तो यंत्र सुरू व्हायला लागला असावा किंवा दूधवाल्याचा असावा.

गाडी घासली ती 9:52 ला, म्हणजे संध्याकाळी 5:37 ला. तक्रारदारांचे चिरंजीव गाडी बाहेर काढत होते, खांब उजवीकडे होता आणि त्यांचे लक्ष डावीकडे. त्यांनी उतरून ओरखडा पाहिला, रुमालाने पुसून पाहिला, आणि गाडी पुन्हा होती तशी जागेवर लावली. कार्यालयात काही वेळ कोणीच बोलले नाही. मग तक्रारदारांनी यंत्रातली बॅटरी कितीला मिळते ते विचारले. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा लहान अशी ती तीन व्होल्टची चपटी बॅटरी त्यांनी स्वतःच्या पैशाने आणून दिली आणि मी ती रविवारी बसवली. पायसाठीही घड्याळाची एक छोटी पट्टी मागवली आहे. ती येईपर्यंत इंटरनेटवरून वेळ मिळाल्याशिवाय टाकीची नोंद करायची नाही, असा बदल प्रोग्रॅममध्ये केला.

राहिली सोसायटीची तक्रार नोंदवही. तिच्यात घटनेची तारीख आणि वेळ ‘चित्रणानुसार’ लिहावी असा छापील रकाना आहे. आमचे सचिव नियमाला पक्के. मी खूप समजावले, पण त्यांनी त्या रकान्यात ‘1 जानेवारी 1970, सकाळी 9:52’ असेच लिहिले, शेजारी अध्यक्षांची सही घेतली आणि शिक्का मारला. आमच्या सोसायटीची नोंदणी 1994 सालची आहे.